बाल संगोपन योजना : दोन लेकरांच्या एकट्या बापाचा अनुभव (सक्करदरा, नागपूर)

मी कूलर दुरुस्तीचं काम करतो. मार्च ते जून नागपुरात मला जेवायला फुरसत नसते. खस बदला, पंप बदला, मोटार रिवाइंड करून आणा, दिवसाला बारा-पंधरा घरं. पहिला मोठा पाऊस पडला की फोन थंडावतो तो होळीपर्यंत. २०२४ च्या सप्टेंबरात, म्हणजे धंद्याच्या ऐन मंदीत, बायको डेंग्यूने गेली. मोठी सहा वर्षांची होती, धाकटा अडीच. तेरवी झाली त्या रात्री डब्यात चार हजार दोनशे रुपये होते आणि घरभाडं पाच हजार.

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, हॉटेलचा लिहितात. मी एका सरकारी योजनेचा लिहितो आहे, कारण त्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधलं तरी कोणी स्वतः जाऊन आलेल्या माणसाने साध्या भाषेत लिहिलेलं मला मिळालं नव्हतं.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. आई किंवा वडील वारले, घटस्फोट झाला, एकाने घर सोडलं, किंवा पालक गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, अशा घरातल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. पूर्वी महिन्याला ११०० रुपये होते, २०२३ पासून एका मुलामागे २२५०. एका घरातल्या दोन मुलांपर्यंत मिळतात. माझी दोन, म्हणजे महिन्याचे ४५००. आमच्या भाड्यापेक्षा पाचशे कमी.

मला हे अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. धाकट्याचा घरी न्यायचा आहार आणायला पहिल्यांदा मी गेलो होतो, त्याआधी त्याची आई जायची. ताई म्हणाल्या, "दादा, बाल संगोपनचा फॉर्म भरला का?" मी म्हटलं, "ते तं विधवा बायांसाठी असते ना?" त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली. "बायांसाठी कोणं सांगितलं? लेकरांसाठी आहे. माय गेली काय न् बाप गेला काय, लेकरू तं एकटंच झालं ना."

तरी मी दोन महिने गेलो नाही. खरं कारण लिहितो. हातपाय धड असलेल्या माणसाने सरकारी पैसे मागायला जावं हे मला लाजेचं वाटत होतं. शेवटी आई बोलली. आई फारशी बोलत नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिचा अकरा हजार पगार येत होता ना घरात? तो खड्डा कोण भरून राहिलं आता? तू? पावसाळ्यात?" दुसऱ्या दिवशी मी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन फॉर्म आणला. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १०९८ वर फोन करा. तो मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, फुकट लागतो, जिल्ह्यात कोणाकडे जायचं ते तिथून कळतं.

फॉर्म फुकट आहे. हे ठळक अक्षरांत वाचा, कारण मला ते उशिरा कळलं. घराजवळच्या एका ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात मी आधी गेलो होतो. तिथल्या पोराने एका मुलाचे तीन हजार सांगितले, अर्धे आधी. "वर पण द्यावं लागते काका," म्हणाला. माझ्याकडे नव्हते म्हणून वाचलो, असते तर दिले असते. नंतर कार्यालयात कोणीही एक रुपया मागितला नाही.

कागद असे लागले: मृत्यूचा दाखला, माझं आणि दोघांचं आधार, दोघांचे जन्माचे दाखले, मोठीचं शाळेतलं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, पासपोर्ट फोटो. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती महानगरपालिकेच्या झोन कार्यालयातून एकदमच सात-आठ काढा. मी दोन काढल्या आणि पुन्हा तीन वेळा गेलो. बँक, पीएफ, विमा, शाळा, रेशन, सगळीकडे एकेक लागते आणि काही जण मूळ प्रतच मागतात.

बँकेचं मात्र अवघड गेलं. मुलांच्या नावाने माझ्यासोबत संयुक्त खातं हवं होतं. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पाहिला आणि खाली मान घालूनच म्हणाला, "आईला घेऊन या, लहान मुलांचं आईसोबतच करतो आम्ही." मोठी माझं बोट धरून उभी होती. मी काही न बोलता दाखला काचेखालून सरकवला. त्याने वाचला, उठला, आतून खुर्ची आणून तिला बसवलं. खातं त्याच दिवशी उघडलं. पण सांगून ठेवतो, बाप हा आईइतकाच कायदेशीर पालक असतो आणि त्याच्यासोबत मुलाचं खातं उघडतंच. कोणी आईला आणा म्हटलं तर परत फिरू नका, मॅनेजरला विचारा.

या यादीत एक कागद असा आहे की ज्याची मी तयारी केली नव्हती. राहत्या घरासमोर पालक आणि मुलांचा एकत्र फोटो, पोस्टकार्ड आकाराचा. घर खरं आहे, मुलं खरंच या पालकाजवळ राहतात, हे पाहण्यासाठी असावा. फोटो स्टुडिओवाल्या दादाला घरी बोलावलं. दारात आम्ही तिघं उभे राहिलो, धाकटा माझ्या कडेवर, मोठी उजव्या हाताला. ती माझ्यापासून हातभर लांब उभी राहिली. दादा म्हणाला, "बाळा, बाबाला चिकटून उभी राहा." ती सरकली नाही. पुन्हा म्हणाला. तिने माझ्या आणि तिच्या मधल्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथे आई उभी राहते." आमचे सगळे फोटो तसेच आहेत, लग्नातले, बारशाचे, रामटेकचे. दादाने तसाच काढला. फाईलमध्ये तोच लावला आहे, मधे मोकळी जागा असलेला. चालला.

डिसेंबरात अर्ज दिला. फेब्रुवारीत गृहचौकशी झाली, म्हणजे एक बाई घरी येऊन पाहून गेल्या. या भेटीची लोकांना भीती वाटते. घरात टीव्ही असला, गाडी असली तर नाव कापतात असं काहीबाही कानावर येतं. आमच्याकडे टीव्हीही आहे आणि कामासाठी जुनी मोपेडही. त्यांनी त्याबद्दल विचारलंच नाही. घरात बसायला जागा नव्हती, तीन उघडे कूलर आणि खसाचे गठ्ठे. त्या एका कूलरच्या चौकटीवर टेकल्या आणि सगळं मोठीलाच विचारत राहिल्या. सकाळी काय खाल्लं, शाळेत कोण सोडतं, रात्री कोणाजवळ झोपते, बाबा रागावतात का. मोठी म्हणाली, "भात आजी करते, वेणी बाबा घालतो." बाईंनी तिला मागे फिरवून वेणी पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, घट्ट घालता. थोडी सैल घाला, कपाळ दुखेल तिचं." पाच महिन्यांत मला कोणी असं सांगितलं नव्हतं. आता सैल घालतो.

बाल कल्याण समितीपुढे मार्चमध्ये बोलावलं. मुलांना घेऊन जावं लागलं. मार्च म्हणजे माझा हंगाम, एक दिवस गेला की हजार-बाराशे गेले. पण समितीचा आदेश निघाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत, म्हणून त्या दिवशीची कामं मित्राला दिली. दहा मिनिटांत झालं.

आता पैशाबद्दल. आदेश मार्चचा, पहिली रक्कम खात्यात आली ऑगस्टमध्ये. एकदम पाच महिन्यांची, प्रत्येकाच्या खात्यात ११,२५०. त्यानंतर पुन्हा चार महिने काही नाही, मग एकत्र. ही या योजनेची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि मी ती मनापासून लिहितो आहे. २२५० रुपये हे महिन्याच्या दुधाचे, वह्यांचे, तापाच्या औषधाचे पैसे आहेत. ताप चार महिने थांबत नाही. ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे मधल्या काळात उसनवारी होते आणि एकत्र आलेली रक्कम येताच उसनवारीत जाते. शासनाने यातलं एकच काम केलं, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे टाकले, तरी एकही रुपया न वाढवता योजना दुपटीने कामाची होईल. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी पहिले आठ-दहा महिने हे पैसे हिशोबात धरूच नका.

ते मधले महिने आम्ही ज्यावर काढले ते योजनेच्या फॉर्मपेक्षाही आधी पाहायला हवं होतं, म्हणून इथेच लिहितो.

गेलेल्या माणसाचं पासबुक छापून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. तिच्या पासबुकात ४३६ रुपये कापल्याची एक ओळ होती. मला वाटलं बँकेचा काहीतरी चार्ज असेल. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला दोन लाख. तिने कधी सही केली, मला माहीत नव्हतं. नॉमिनी म्हणून माझं नाव लिहिलेलं. २० रुपयांची ओळ असेल तर तो अपघाताचा विमा, त्याचेही दोन लाख, पण मृत्यू अपघाती असावा लागतो. बँक हे आपणहून फोन करून सांगेल याची वाट पाहू नका. दावा त्याच शाखेत भरायचा असतो.

दुसरं पीएफ. ती हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगला होती, सहा वर्षं पीएफ कापला जायचा. मला फक्त साठलेली रक्कम मिळेल एवढंच माहीत होतं. प्रत्यक्षात नोकरीत असताना माणूस गेला तर तीन गोष्टी मिळतात: साठलेला पीएफ, ईडीएलआय नावाचा विमा आणि पेन्शन. तिन्हींसाठी मृत्यू प्रकरणाचा एकच एकत्रित फॉर्म आहे. विम्याचा हिशोब शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, अधिक पीएफच्या शिलकीचा काही भाग, जास्तीत जास्त सात लाख. तिच्या अकरा हजारांवर तेच चार लाखांच्या वर गेलं. पगार कमी असला तरी सलग वर्षभर नोकरी असेल तर अडीच लाखांच्या खाली येत नाही. त्यासाठी तिच्या पगारातून एक पैसाही कापला जात नव्हता, तो हप्ता मालक भरतो. म्हणूनच पगाराच्या पावतीवर तो दिसत नाही आणि घरच्यांना कळत नाही.

पेन्शन विधवेला मिळते तशी विधुरालाही मिळते. किमान हजार रुपये महिना, आणि २५ वर्षांपर्यंतच्या दोन मुलांना प्रत्येकी त्याच्या पाव भाग, किमान अडीचशे. रक्कम लहान आहे. पण ती दर महिन्याला येते, आणि वरचं वाचलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल. आमचं भविष्य निधी कार्यालय रघुजीनगरला, तुकडोजी पुतळ्याजवळ, घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. सहा वर्षं मी त्या इमारतीसमोरून कूलर नेत होतो.

विम्याच्या पैशातून मोठीचं सुकन्या समृद्धी खातं पोस्टात उघडलं, बाकी दोघांच्या नावाने ठेव. घरात ते पैसे आणले नाहीत.

बायांसाठी काय आहे ते मी स्वतः भोगलेलं नाही, पण आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचे कागद मीच लिहून दिले, नवरा दोन वर्षांपासून घर सोडून गेलेला, मुलगी चार वर्षांची. बाल संगोपन त्यांनाही लागू आहे, मृत्यूच्या दाखल्याऐवजी सोडून गेल्याचे कागद लागतात. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार त्यांना मिळतात, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता सगळ्या त्यात बसतात, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. संजय गांधी निराधार योजनाही दीड हजारच देते, पण तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्यापेक्षा जास्त कमावते आणि तरी तिचं भागत नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. एक ध्यानात ठेवा, दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, तेव्हा दोन्हींपैकी कोणतं आपल्याला टिकेल ते पाहा.

वहिनींना खरा उपयोग झाला तो पोटगीच्या अर्जाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली बायको आणि मुलं दोघांसाठी खर्च मागता येतो. मुख्य खटला चालू असतानाही अंतरिम खर्च मिळतो, आणि तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असं कायद्यातच लिहिलेलं आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून त्या वर्षभर गप्प बसल्या होत्या. महिलेला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अटच नाही. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मी त्यांना तिथे मोपेडवर नेऊन सोडलं, पुढचं त्यांनी स्वतः केलं.

एक गोष्ट आम्हाला मिळाली नाही, पण तिचा नियम वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं कमावतं माणूस १८ ते ५९ वयात गेलं तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. आमचं कार्ड पिवळं नाही, म्हणून आम्ही बसलो नाही. पण त्या योजनेच्या नियमांत लिहिलं आहे की घर सांभाळणारी बाईसुद्धा कमावती धरायची. तेव्हा ज्या दादांची बायको घरीच असायची आणि कार्ड पिवळं आहे, त्यांनी "ती कुठे कमवत होती" असं कोणाच्या तोंडून ऐकून परत येऊ नये. तहसीलमध्ये अर्ज करा.

गुण द्यायचे तर योजनेला मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा त्या वेणी पाहणाऱ्या बाईंचा. दीड कापला तो पैशाच्या उशिराचा आणि कोणी सांगितल्याशिवाय योजना कळत नाही याचा. शाळेत मुलीच्या हजेरीपटावर आईचं नाव खोडलं गेलं तेव्हा, किंवा मृत्यूचा दाखला हातात दिला तेव्हाच, एक कागद सोबत दिला असता तर माझे दोन महिने वाचले असते.

कागदांची निळी फाईल मी कूलरच्या पंपांशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे. दर वर्षी नवीन बोनाफाईड द्यावं लागतं, या जूनमध्ये धाकट्याचंही पहिल्यांदा लागेल. आमच्या भागातल्या कोणाला पाहायचं असेल तर भरलेल्या फॉर्मची आणि यादीची झेरॉक्स अंगणवाडीच्या ताईंकडे ठेवली आहे, नावं आणि आधार क्रमांक काळ्या पेनने झाकून. फोटो त्यात ठेवला नाही.